सातव्या भागातली बॅग

माझी स्मरणशक्ती दांडगी आहे, हे मी म्हणत नाही, आमच्या सगळ्या गोतावळ्यात म्हणतात. कुणाच्या लग्नात पंगतीला काय होतं, कुठल्या बारशाला कोण रुसून गेलं, हे विचारायला अजून मला फोन येतात. बेंगळुरूत येऊन पंचवीस वर्षं झाली, निपाणी सुटून त्याहून जास्त, तरी हे फोन थांबलेले नाहीत. त्यामुळे माणसाच्या अंगी थोडी घमेंड येते. ती माझ्या अंगी होती. आता किती उरली आहे ते सांगता येत नाही.

महादेवपुऱ्यातल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलाभोवती खुर्च्या मांडून, आम्ही सात-आठ मराठी माणसं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी भांडायला जमतो. भांडणाचा विषय एक जुनी मालिका. अवकाशातली. चकचकीत कपडे घातलेली माणसं पुठ्ठ्याच्या यानात बसून गंभीर चेहऱ्यानं बटणं दाबायची. आमच्या लहानपणी ती रविवारी सकाळी लागायची आणि तेवढा अर्धा तास देशातली सगळी पोरं आंघोळ टाळायची. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यावरही आमचं अजून एकमत झालेलं नाही.

समीर हा पुण्याचा, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. गटाचा चिटणीस तोच, कारण वही त्याच्याकडे आहे. कोणाला कुठला भाग कसा आठवतो ते तो त्या वहीत लिहून घेतो. उज्ज्वला नागपूरची. ती वहीत काहीही लिहिलं की ते खोडायला लावते. मागे एकदा अंतराळवीराच्या पोशाखाच्या रंगावरून दोघांची जुंपली. समीर म्हणाला निळा. उज्ज्वला म्हणाली, "काहीतरीच काय बोलून राहिले! नारंगी होता. मी डोळ्यानं पाहिला ना!" तासभर हे चाललं. शेवटी कुणीतरी विचारलं, तुमच्या घरी रंगीत टीव्ही होता का? दोघांच्याही घरी नव्हता. वहीत दोन्ही रंग लिहिलेले आहेत.

त्या रविवारी विषय निघाला सातव्या भागाचा. काही जण त्याला नववा म्हणतात, पण गोष्टीवर सगळे ठाम. एक अंतराळवीर लांब जातो. त्याचे तीन महिने होतात तोवर पृथ्वीवर तीस वर्षं उलटतात. परत येतो तेव्हा त्याच्या वयात काही फरक पडलेला नसतो, मागे राहिलेली माणसं म्हातारी झालेली असतात. शेवटी तो आपल्या जुन्या घराच्या दाराशी येतो. इथपर्यंत सगळ्यांच्या माना डोलल्या. पुढचं मी सांगितलं, कारण ते मला काल पाहिल्यासारखं दिसतं. दार उघडं असतं. तो उंबऱ्याबाहेर उभा. हातात काळी रेक्झिनची बॅग, तिच्यावर पांढरं विमान, एक बंद तुटलेला आणि सुतळीनं बांधलेला. आतून एका बाईचा आवाज येतो, "आत या. दार उघडंच आहे." पण तो येत नाही. भाग संपतो.

मग उज्ज्वला जपून म्हणाली, "ताई, दार तर बंद होतं ना हो."

"आणि अहो, रेक्झिनची बॅग?" समीर म्हणाला. "अवकाशातून आलाय की एसटीनं?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण समीरनं पुढे विचारलं, "शिवाय मालिका हिंदीत होती मॅडम. 'आत या' कुठून आलं?"

"मराठीतच होती," मी म्हटलं. असं ठासून म्हटलं की हसणं थांबलं. समीरनं वहीत काहीतरी लिहिलं आणि ते मला वाचू दिलं नाही.

मारतहळ्ळीला घरी परतताना बसमध्ये उभी होते आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. कंडक्टर दोनदा "स्वल्प मुंदे होगी" म्हणाला तरी मी पुढे सरकले नाही. मालिका मराठीत होती. माझ्या कानात आहे ती. नुसती मराठीत नाही, निपाणीच्या मराठीत.

तुम्ही कधी निपाणीत रविवारची सकाळ पाहिली नसेल तर तुम्हाला कसं सांगू? आधी वास येतो. तंबाखूचा. तो तिथे वेगळा येत नाहीच, तो असतोच. वाळत घातलेल्या कपड्यांत, पोरांच्या केसांत, पुस्तकांच्या पानांत. पाहुणे शिंकायचे आणि आम्हाला नवल वाटायचं, यांना काय झालं? रविवारी त्या वासावर दुसरे वास चढायचे. शिकेकाईचा, बंबातल्या धुराचा, कुणाच्या तरी घरी खोबरं भाजत असल्याचा. आंघोळ टाळायची आमच्याकडे सोय नव्हती, म्हणून शिकेकाईनं डोळे चुरचुरत असतानाच आम्ही पोरं मालूअक्काच्या घराकडे पळायचो. केसांतून पाणी गळायचं, पाठीवर परकरावरच्या झंपरला ओल यायची, आणि त्या ओल्या पाठीला शहाबादी फरशीवर बसल्यावर पाठीमागच्या उघड्या दारातून येणारा वारा लागायचा. तो वारा मला अजून लागतो. कुठेही, कधीही, मालिकेचा विषय निघाला की आधी पाठ गार होते.

मालूअक्का आमच्या शेजारची. नात्यातली नव्हे, पण आईपेक्षा तिच्याच घरात आमचा मुक्काम जास्त. अख्ख्या गल्लीत टीव्ही तिच्याकडे एकटीकडे. त्याला लाकडी सरकती दारं होती, वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकचा मोर. आधी पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कुणीतरी गच्चीवर जाऊन ॲन्टेना फिरवायचं आणि खालून सगळी गल्ली ओरडायची, "आलं! आलं! गेलं! थांब तिथंच!" मुंग्यांतून हळूहळू यान निघायचं.

त्या वर्षांत आमच्या घरात वडील नव्हते. मी सहा वर्षांची असताना ते गेले. मेले नाहीत, गेले. का गेले, कुठे गेले, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि पुढे मीही विचारलं नाही. आज ते सांगणारं कुणी उरलेलंही नाही. "गेला तो गेला, पोरांचं तोंड बघायला एकदासुद्धा आला नाही," हे वाक्य मी आजीच्या, मामाच्या, आल्यागेल्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की ते आमच्या आडनावासारखं झालं. आई हे वाक्य कधी म्हणाली नाही. कुणी म्हटलं तर उठून आत जायची. मी मात्र त्या वाक्यावर वाढले. एकदासुद्धा नाही. परीक्षेत पहिली आले तेव्हा, लग्न ठरलं तेव्हा, ते मोडलं तेव्हा, प्रत्येक वेळी मला हाच शब्द आठवला आणि दर वेळी तितकाच झोंबला. माणूस गेला याचं मला फारसं काही नाही, जाणारी माणसं जातात. पण एकदासुद्धा?

आईची एक गोष्ट मात्र मला तेव्हाही कळली नव्हती. ती रविवारी सकाळी धुणं घेऊन विहिरीवर जायची. मग कधीतरी एकाएकी तिनं तो वार बदलला. सोमवारी पहाटे जाऊ लागली. रविवारी सकाळी घरातच असायची आणि दार सताड उघडं ठेवायची. एरवी माश्या येतात म्हणून दारावरून आमच्या पाठीत धपाटे घालणारी बाई! दाराकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायची. निवडलेले परत निवडायची. बारा वाजले की उठून दार लोटायची आणि मग आम्हाला जेवायला वाढायची.

तर त्या बसमधून उतरल्यावर, मंडईची पिशवी हातात घेऊन मी बाळूला फोन केला. बाळू माझा धाकटा भाऊ, कोल्हापुरात असतो. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण मालूअक्काच्या घरी तो माझ्यानंतरही कितीतरी वर्षं टीव्ही बघत होता. मला साक्षीदार हवा होता. म्हटलं, "बाळू, ती मालिका मराठीत होती की नाही, तेवढं सांग."

"हिंदीच की गं," तो म्हणाला. "पण आपल्याला काय त्याचं? अक्काच्या टीव्हीला आवाज होता कुठं?"

"म्हणजे?"

"ताई, तू विसरलीस?" तो खरंच चकित झाला होता. "आवाज मुकाच होता की त्याचा. चित्र तेवढं यायचं. सगळं अक्का बोलायची!"

पिशवीत एक हात घालून मी तिथेच थांबले. मेथीची जुडी हाताला लागत होती. मी, मी हे विसरले होते? बारशाला कोण रुसलं ते मला आठवतं, आणि टीव्ही मुका होता हे आठवत नव्हतं?

पण एकदा त्यानं सांगितल्यावर सगळं धो धो आलं. टीव्ही कोल्हापूरहून टेंपोतून येताना कलंडला आणि त्याचा आवाज गेला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट बेळगावहून येईल, पुढच्या आठवड्यात. तो पुढचा आठवडा वर्षभर पुढेच राहिला. मग मालूअक्का टीव्हीच्या बाजूला भिंतीला टेकून बसू लागली. निम्मं तोंड पडद्याकडे, निम्मं आमच्याकडे. मांडीवर विड्यांचं सूप, हातात कात्री. पडद्यावरची माणसं ओठ हलवायची आणि अक्का बोलायची. हिंदी तिला आमच्याइतकंच येत होतं, म्हणजे नव्हतं. तिचं काही अडलं नाही. परग्रहावरचा राजा तिच्या सासूच्या आवाजात बोलायचा. यंत्रमानव नाक्यावरच्या वाण्यासारखा तुटक, "नाही. संपलं. उद्या या." शास्त्रज्ञ एकमेकांना भेटले की आधी "जेवलास का" विचारायचे. यानात लाल दिवा लागला की कप्तान ओरडायचा, "अरे इंजिन तापलंय, कुणीतरी पाणी ओता की!" बोलता बोलता तिची कात्री पानावरून फिरत असायची, कर्र, कर्र. यानाचा आवाज म्हणून माझ्या डोक्यात जो आहे तो तोच, तेंदूच्या पानाचा. आणीबाणीचा प्रसंग आला की कात्री थांबायची. ती थांबली की आम्ही एकमेकांना चिकटून बसायचो.

एकदा मेकॅनिकनं येऊन खरंच आवाज आणला. भसाभसा हिंदी बाहेर पडलं. आम्ही पोरांनी कालवा केला, "अक्का, बंद कर! हे खोटं बोलतात, तू सांग!" अक्कानं बटण फिरवून आवाज बंद केला तो कायमचा. तिचा नवरा, ज्यानं एवढी खटपट करून पार्ट आणवला होता, तो बिचारा चपला घालून बाहेर निघून गेला.

म्हणजे समीर खरा होता. "आत या, दार उघडंच आहे" हे अक्काचं होतं. मी हे मनाशी कबूल केलं, थोडी चरफडले आणि निवांत झाले. महिनाभर निवांत होते.

पुढच्या बैठकीला समीर पेनड्राइव्ह घेऊन आला. कुणाच्या तरी माळ्यावर एक जुनी टेप सापडली होती, तिच्यावर तो भाग होता. क्लबहाउसच्या भिंतीवरच्या टीव्हीवर लावला. चाळीस वर्षं डोक्यात धरून ज्या गोष्टीवर आम्ही भांडत होतो ती पंचवीस मिनिटांत संपली. पोशाख निळाही नव्हता, नारंगीही नव्हता, राखाडी होता. उज्ज्वला म्हणाली, "टेप जुनी आहे ना, रंग उडाला असंल." हिंदी कानाला परकं लागत होतं. कप्तानाचा आवाज बारीक होता, त्याला काही जरब नव्हती. कात्री कुठेच वाजत नव्हती. शेवटी अंतराळवीर दाराशी आला. दार बंद होतं. त्यानं हात वर केला, दारावर टेकवायचा राहिला, चित्र थांबलं आणि नावं सरकू लागली. दोन्ही हातांत पांढरे हातमोजे होते. दुसरं काही नव्हतं.

सगळे एकदम बोलायला लागले. मी सरकणारी नावं वाचत राहिले. अक्का आवाज घालू शकत होती. हवं ते वाक्य हवं त्याच्या तोंडी घालू शकत होती. पण पडद्यावरच्या माणसाच्या हातात ती बॅग कशी देईल? विमान, तुटलेला बंद, सुतळी? मग ती बॅग मी पाहिली कुठे? आमच्या घरात तसली बॅग नव्हती. वडील गेले ते अंगावरच्या कपड्यांनिशी गेले, हे सगळे सांगायचे. आणि ज्याच्या हातात ती बॅग होती, जो उंबऱ्याबाहेर उभा होता, तो कोण होता?

"मॅडम, तुमचं काय लिहू?" समीरनं हळूच विचारलं. या वेळी तो चिडवत नव्हता.

"थांब जरा," मी म्हटलं. "मला एकीला विचारायचंय."

मालूअक्का आता बेंगळुरूच्या पार दक्षिण टोकाला, आनेकलला असते. मुलगा तिथल्या कारखान्यात आहे. एकाच शहराच्या दोन टोकांना राहून मी वर्षानुवर्षं तिच्याकडे गेले नव्हते, याची लाज मला बस बदलताना वाटली. दोन बसा, मग चालत. घर सापडलं. अक्का बाजेवर बसली होती, समोर भिंतीएवढा टीव्ही, त्यावर कसलीशी कन्नड मालिका चाललेली. आवाज बंद.

"आवाजानं डोकं उठतंय गं," ती म्हणाली. "आणि काय बोलत असतील ते काय कळत नाही व्हय? सासू आहे ती. दिसतंय की." मग माझा हात धरून जवळ बसवलं. "किती वाळलीस. स्वल्प कॉफी घेतीस न्हवं? सूनबाई, दोन कॉफी माड गं."

कॉफी येईपर्यंत मी गल्लीतल्या सगळ्यांची चौकशी ऐकली. कोण गेलं, कोण राहिलं. मग कशी सुरुवात करावी कळेना म्हणून सरळ विचारलं. "अक्का, ती अवकाशातली मालिका आठवते? त्यात एक माणूस दाराशी येऊन उभा राहतो. तू म्हणालीस, आत या, दार उघडंच आहे."

अक्कानं कप बशीत ठेवला. ती टीव्हीकडे बघत राहिली. तिथे सासू काहीतरी बोलत होती.

"त्याला म्हटलं मी," ती म्हणाली.

"कुणाला? त्या अंतराळवीराला?"

"तुझ्या बापाला."

बाहेरून कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती. मी तिकडेच कान देऊन बसले.

"तुमची पाठ दाराकडं," अक्का म्हणाली. "माझं तोंड दाराकडं. तुमच्या घराला कुलूप होतं, तुझी आई विहिरीवर. आणि हा येऊन माझ्या उंबऱ्याला उभा. दाढी वाढलेली, निम्मा झालेला. मीच आधी वळखलं नाही. मग हाताकडं बघितलं. बोटं तुझ्यासारखीच की त्याची, लांब. मला काय सुचंना बघ. उठून 'अगंबाई, आलात व्हय' म्हटलं असतं तर तुम्ही पोरं घाबरला असता. बाळू माझ्या मांडीजवळ, तीन वर्षांचा. त्याला तर बापच ठावं नाही. मग मी तसंच, गोष्ट सांगता सांगताच म्हटलं. आत या. दार उघडंच आहे. तीनदा म्हटलं, तीन आवाजात म्हटलं. तुम्हाला वाटलं टीव्हीतलं. त्याला कळलं."

"मग?"

"आला न्हाई."

"का?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मोतीबिंदू काढलेले डोळे, धुतल्यासारखे. "राहू दे गं आता," ती म्हणाली.

"सांग."

"तू मागं वळलीस," ती म्हणाली. "माझी कात्री थांबलेली, म्हणून वळलीस असशील. त्याच्याकडं बघितलंस. चांगलं बघितलंस, वरपासून खालपर्यंत. त्यानं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला होता. आणि तू परत माझ्याकडं तोंड करून म्हणालीस, 'अक्का, पुढं काय झालं? पुढं सांग की.'"

मी कॉफीचा कप खाली फरशीवर ठेवला.

"हसला तो," अक्का म्हणाली. "रागानं न्हाई हां. बरं वाटल्यागत हसला. पोरं बरी आहेत, गोष्टीत आहेत. असंच काहीतरी. पाय मागं घेतला आणि गेला. मी दारापर्यंत जाईपर्यंत गल्लीत कोण नव्हतं. तुझ्या आईला मी त्याच दिवशी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, पुन्हा येईल. पोरीला सांगू नको, ती स्वतःलाच बोल लावून घेईल."

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी मात्र भलतंच काहीतरी विचारत होते. "अक्का, बॅग होती ना त्यांच्या हातात? काळी? पांढरं विमान असलेली?"

"बॅग होती. पण हिरवी होती. आणि विमान कुठलं? बगळा होता त्यावर."

"विमान होतं, अक्का."

"बगळा गं. पंख असे. मी काय आंधळी होते व्हय तेव्हा?"

"आणि सुतळी? बंद तुटलेला?"

"ती होती," अक्का म्हणाली. "सुतळी होती."

सुतळीवर आमचं एकमत झालं. आम्ही दोघी कितीतरी वेळ बाजेवर बसून होतो, त्या सुतळीला धरूनच. त्या बॅगेत काय असेल? आमच्यासाठी काही असेल का? की त्याचे दोन कपडे? हे मी विचारलं नाही, अक्काला ते कसं माहीत असणार. येताना तिनं माझ्या हातात चकल्यांचा डबा दिला आणि म्हणाली, "आठ वर्षांची होतीस तू. त्याचं काय लावून घेऊ नको." मी मान डोलावून "सरी, अक्का" म्हटलं. लावून घेऊ नको म्हटल्यानं न लागणारी ही गोष्ट नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं.

तेव्हापासून माझा गोंधळ उडालेला आहे. एका वाक्यावर मी आयुष्य काढलं, ते वाक्य खोटं निघालं. एकदा आले होते. मला आनंद व्हायला हवा. होतोही, भाजी चिरताना मधेच होतो. मग "पुढं सांग की" ऐकू येतं आणि विळी थांबते. मी खरंच तसं म्हटलं असेन का? अक्कालाही रंग चुकीचा आठवतोय, पक्षी चुकीचा आठवतोय. मग हे तरी? कधी मला वाटतं तिला बॅगेसारखंच हेही उलटसुलट आठवत असेल. कधी वाटतं, नाही, तसं मीच म्हणू शकते. मला गोष्ट अर्धवट सोडलेली कधीच चालत नाही. आणि आईचं ते रविवारचं उघडं दार, निवडलेले तांदूळ परत निवडणं. ती तेरा-चौदा वर्षं दर रविवारी वाट बघत बसली आणि मी तिच्यासमोरून उड्या मारत मालूअक्काकडे जात राहिले. तिनं एकदाही मला अडवलं नाही. आता तिला विचारायची सोय नाही, ती जाऊनही पुष्कळ दिवस झाले. बाळूला मी अजून हे सांगितलेलं नाही. सांगेन.

परवाच्या बैठकीला गेले. समीरनं वही उघडून पेन हातात घेतलं. "बोला मॅडम."

"लिही," मी म्हटलं. "दार बंद होतं. हात रिकामे होते. मालिका हिंदी होती."

"आणि ती बॅग?"

"त्या भागात बॅग नव्हती."

त्यानं तसं लिहिलं. उज्ज्वला माझ्या तोंडाकडे बघत होती. निघताना जिन्यात तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितला होता ना, तो शेवट छान होता हो. काहून खोडायला लावला?" मी तिला चकल्यांचा डबा पुढे केला.

पेनड्राइव्ह समीरकडून मागून आणला. घरी आले तेव्हा अजून सकाळच होती, खालच्या घरातून सांबाराची फोडणी वर येत होती. आधी फ्लॅटचं दार सताड उघडलं. ते आपोआप मिटतं, म्हणून त्याला चपलांचं कपाट टेकवलं. मग टीव्हीवर सातवा भाग लावला, आवाज पार बंद केला आणि सोफा असून फरशीवर बसले, दाराकडे पाठ करून. सगळं मी बोलले. कप्तानाचं, राजाचं, शास्त्रज्ञांचं. जेवलास का? इंजिन तापलंय, पाणी ओता. समोरच्या बाई जिन्यावरून जाताना कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या, बहुतेक दार उघडं राहिलंय असं. मी मान हलवली आणि बोलत राहिले.

अंतराळवीर दाराशी आला. त्यानं हात वर केला. मी म्हटलं, "आत या. दार उघडंच आहे." तीनदा म्हटलं, तीन आवाजात.

मग मागे वळले. उंबरा होता, त्यावर ऊन होतं, पलीकडे मोकळा जिना. पडद्यावर नावं सरकत असतील. मी तिकडे पाहिलं नाही. दाराकडे तोंड करून बसून राहिले, आणि पुढं काय झालं, ते कुणालाही विचारलं नाही.